कोरमला एक कमी

आणि वर हेच लोक मला विचारतात, काय हो, तुमच्या औशाच्या क्लबाचं काही पुढं सरकत का न्हाई? कसं सरकेल? तुम्हीच सांगा, कसं सरकेल? मंगळवार आला की आठ माणसं खुर्च्यांवर बसतात, एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, चहा पितात आणि उठून घरी जातात... आणि जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या पाचशे माणसांनी बटन दाबून पास केलेला ठराव औशात पास व्हायला एक माणूस कमी पडतो. एक! मी ऐकीव सांगून राहिलो न्हाई, मी त्या आठातलाच एक हाय, बसस्टँडसमोर माझं चपलांचं दुकान हाय. पण माझं सोडा. ह्या भानगडीत ज्याची झोप उडाली तो म्हणजे माझ्या शेजारचा वीरण्णा, भांड्यांच्या दुकानाचा मालक, त्याचंच सांगतो.

आता क्लब म्हणजे तुम्हाला वाटंल पत्त्यांचा. तसला न्हाई, सेवेचा. डोळ्यांची शिबिरं, रक्तदान, शाळेला पाण्याची टाकी, आणि त्या टाकीवर टाकीपेक्षा मोठी पाटी. जगभर पसरलेला क्लब, हजारो गावांत शाखा, आणि गंमत म्हणजे सगळ्यांची घटना एकच. अमेरिकेत जो नियम तोच जपानात, तोच आमच्या औशात. त्या घटनेतला एक नियम असा, की दर आठवड्याला सभा, आणि लागोपाठ चार सभांना जो येणार न्हाई त्याचं नाव गेलं. आपोआप. फारच अडचण असली तर त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन बसायचं, तिथली चिठ्ठी आणायची, ती भरपाई हजेरी म्हणून चालते. हे सगळं तोंडपाठ असलेला एकच माणूस, आमचे सेक्रेटरी व्यंकट सर. लातूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, राहायला औशात. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई, पण काहीही विचारा, चष्मा वर करून म्हणणार, ‘‘घटनेत तशी तरतूद नाही.’’ प्यायला पाणी मागितलं तरी मला वाटतं आधी घटना बघत असतील.

आणि आमचं मतदान कसं? अध्यक्ष विचारणार, ‘‘कुणाचा विरोध?’’ विरोध कोण करंल? ज्याला विरोध करायचा त्याच्या पोरीच्या लग्नात आपल्याला जेवायला जायचं असतंय, त्याच्याच दुकानातून उधार आणायचं असतंय. त्यामुळं ठराव वाचून व्हायच्या आतच सगळे हात वर, टाळ्या, सर्वानुमते मंजूर. कशाला हात वर केला ते नंतर चहा पिताना शेजारच्याला विचारायचं. एवढी वर्षं झाली, आमच्या क्लबात एकही ठराव पडला न्हाई. आम्हाला त्याचा अभिमान होता हो!

तर त्र्याण्णव साल. गणपती बुडवून लोक झोपलेले, आणि पहाटे जमीन हलली. त्याचं मी काही सांगत न्हाई, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सोसलंय. आमच्या औशात भिंतींना तडे गेले, पण किल्लारीकडं गावंच्या गावं उभी राहिली न्हाईत. आमच्या क्लबात लालमहंमद म्हणून सभासद होता, मंडपवाला. वीरण्णानंच त्याला क्लबात आणलेलं. लग्न कुणाचंही असो, मंडप लालमहंमदचा आणि भांडी वीरण्णाची, अशी ह्यांची जोडी. त्या दिवशी उजाडल्या उजाडल्या लालमहंमदनं सगळ्या कनाती, ताडपत्र्या, स्वयंपाकाच्या मोठाल्या देगा टेम्पोत भरल्या, वीरण्णानं दुकानातली पातेली भरली, आणि दोघं गेले. वीरण्णा आठवडाभर राहिला आणि दुकान उघडायला परत आला. लालमहंमद राहिला तो थंडी सरेपर्यंत राहिला. ज्या गावात एक भिंत उभी न्हाई तिथं त्यानं चूल मांडली आणि माणसं जेवू घातली. आता तिथं भरपाई हजेरीला क्लब कुठून येणार? तिथं दारच न्हाई, तर पाटी कुठं लावणार?

इकडं आमची सभा. मंगळवार, नेहमीप्रमाणं. ठराव पहिला, आपले सभासद लालमहंमद भूकंपग्रस्तांसाठी रात्रंदिवस झटून राहिले, त्यांचं हार्दिक अभिनंदन. सगळे हात वर, टाळ्या, सर्वानुमते मंजूर. ठराव दुसरा, लागोपाठ चार सभांना गैरहजर राहिल्यामुळं पुढील सभासदाचं नाव कमी करण्यात येत हाय, लालमहंमद. सगळे हात वर, टाळ्या, सर्वानुमते... तुम्ही हसून राहिलात, पण मीही त्यात होतो. टाळ्या वाजवून झाल्यावर वीरण्णाच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. तो उठून म्हणाला, ‘‘सर, हे आपण काय केलं?’’ सर म्हणाले, मला आनंद वाटत नाही, पण नाव आपोआप गेलेलं आहे, आपण फक्त नोंद घेतली. वीरण्णा म्हणाला, मग परत घ्या. सर म्हणाले, घटनेत तशी तरतूद नाही.

ही गोष्ट लालमहंमदला सांगायची कुणी? वीरण्णाच गेला. तो सांगायचा मला, की लालमहंमद देग घासत होता, त्यानं ऐकून घेतलं, रागावला न्हाई, काही न्हाई. फक्त एवढंच विचारलं, ‘‘अण्णा, तू बी हात वर केला?’’

वीरण्णा हाव म्हणाला. खोटं बोलता आलं असतं, पण ते त्याला जमत न्हाई. त्या दिवसापासून लालमहंमद त्याला वीरण्णाशेठ म्हणायला लागला. बोलणं बंद न्हाई, भांडण न्हाई, लग्नात मंडप-भांडी सोबतच, पण शेठ. ‘‘या शेठ, बसा शेठ.’’ तुम्हाला सांगतो, माणसानं शिवी दिली असती तर वीरण्णाला गोड लागली असती. मी म्हणालो, अरे त्याला नवा सभासद म्हणून परत घेऊ, त्यात काय. वीरण्णा तसं विचारायलाही गेला. तर लालमहंमद म्हणाला, ‘‘मी गेलोच न्हाई शेठ, तर परत कसा येऊ?’’ ह्यावर काय बोलता तुम्ही?

मग वीरण्णानं व्यंकट सरांना धरलं. नियम बदलतो कोण? सर म्हणाले, औसा बदलू शकत नाही, लातूर बदलू शकत नाही, दिल्लीही नाही. तीन वर्षांनी एकदा जगाची सभा भरते, प्रत्येक विभागाचा एकच प्रतिनिधी, आणि ते मत देतात. तिथं ठराव न्यायचा तर आधी आपल्या क्लबानं मांडायचा, मग विभागानं उचलायचा, मग तो वर जायचा. वीरण्णा म्हणाला, चला. आणि बघा, माणूस कसा सरळ, ज्या सरांनी नाव काढलं त्याच सरांनी बसून ठराव लिहून दिला, की आपत्तीच्या ठिकाणी सेवा करणारा सभासद हा सभेला हजर धरावा. औशात मांडला. सगळे हात वर, सर्वानुमते मंजूर.

विभागाची परिषद नांदेडला. आता नांदेड आणि लातूर म्हणजे तुम्हाला काय सांगायचं... दोन गावं शेजारच्या ताटातली भाजी बघून जेवणारी. ठराव मंजूर व्हायला वेळ लागला न्हाई, जेवणाआधी सगळेच ठराव मंजूर होतात. भांडण पेटलं ते जगाच्या सभेला प्रतिनिधी कोण जाणार ह्याच्यावर. फुकटात अमेरिका! नांदेडवाले म्हणाले माणूस नांदेडचा, लातूरवाले म्हणाले लातूरचा, नांदेडवाले म्हणाले तुम्हाला मागच्या खेपेला अध्यक्षपद दिलंय, लातूरवाले म्हणाले दिलंय म्हणजे काय, उपकार केलेत का. तिकडं वरण गार होऊन राहिलं. शेवटी विभागाचे प्रमुख आनंदराज साहेब, नांदेडचे, पाटबंधारे खात्यातले, शांत माणूस, ते माइकवर आले आणि म्हणाले, ‘‘नांदेडचाही नको, लातूरचाही नको. हे औशाचे गृहस्थ आहेत, ठराव त्यांचाच आहे, तेच जातील.’’ दोघांनाही दुसरा न गेल्याचा एवढा आनंद झाला, की सगळे हात वर, टाळ्या, सर्वानुमते. वीरण्णा तेव्हा रांगेत ताट धरून उभा होता.

तर पंच्याण्णव साली आमचा भांडेवाला अमेरिकेत. कोट व्याह्याचा, बूट माझ्या दुकानातले. भला मोठा हॉल, पाचशेवर माणसं, कानात यंत्र, समोर बटनं, एक हो आणि एक न्हाई. शेकड्यांनी ठराव. ज्यानं ठराव आणला त्याला बोलायला दोन मिनिटं. समोर दिवा, हिरवा, मग पिवळा, आणि लाल लागला की माइक बंद. व्यंकट सरांनी इंग्रजीत भाषण लिहून दिलेलं, वीरण्णानं पाठ केलेलं, पहिलंच वाक्य भूकंपाचं. पण हा माइकपुढं उभा राहिला आणि बघतो तर समोर व्यासपीठ, व्यासपीठावर दहाबारा माणसं! आता मला सांगा, व्यासपीठावर माणसं बसलीत आणि त्यांची नावं न घेता भाषण सुरू करायचं? औशात असं कुणी केलं तर त्याला पुढच्या वर्षी गणपतीच्या वर्गणीलासुद्धा कुणी विचारणार न्हाई. वीरण्णाला ते उद्धटपणाचं वाटलं. त्यानं सुरू केलं, आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष अमुक, उपाध्यक्ष तमुक, ब्राझीलहून आलेले हे, जपानहून आलेले ते... नावं काय सोपी हायत का ती? एकेक नाव गाडीच्या डब्यासारखं लांब. कुणी राहू नये, कुणाचा मान जाऊ नये, म्हणून सावकाश, नीट. पिवळा लागला. ‘‘तसेच ज्यांच्यामुळं मला ही संधी मिळाली ते आमच्या विभागाचे आदरणीय...’’ लाल. माइक बंद. ह्याचे ओठ हलूनच राहिले.

मग मतदान. ठराव कशाचा हे कुणाला कळलंच न्हाई, आणि जे कळलं न्हाई ते तिकडचे लोक पास करत न्हाईत. आपल्यासारखे न्हाईत ते. पडला. वीरण्णा मला म्हणाला, ‘‘लोक हसले न्हाईत रे. हसले असते तर बरं वाटलं असतं.’’

आणि परत आल्यावर आम्ही काय केलं असेल? सत्कार! अमेरिकेला जाऊन आला म्हणून शाल, नारळ, हार. ठरावाचं काय झालं हे एकानंही विचारलं न्हाई. म्हणजे एकानं विचारलं. मंडप त्याचाच होता. खांबाची दोरी सोडता सोडता लालमहंमद म्हणाला, शेठ, माझं काय झालं? वीरण्णा म्हणाला, आता तीन वर्षांनी. तो म्हणाला बरं, आणि दोरी गुंडाळायला लागला. वीरण्णा त्या दिवशी शाल घेऊन माझ्या दुकानात येऊन बसला आणि गिऱ्हाईक समोर असताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, नवीन चामड्याचा वास सहन होत न्हाई ह्यांना.

तीन वर्षं म्हणता म्हणता गेली. पुन्हा औशात ठराव, पुन्हा हात वर. पुन्हा नांदेड, पुन्हा नांदेड-लातूरचं भांडण जसंच्या तसं, वरण तसंच गार, आणि पुन्हा औशाचेच गृहस्थ जातील, सर्वानुमते. पण ह्या खेपेला वीरण्णाची तयारी घेतली त्याच्या बायकोनं, रुद्राणीवहिनीनं. ती बाई शाळा चार यत्ता शिकलेली न्हाई, पण नवऱ्याची खोड बरोबर माहीत. तिनं कुकर लावायचा आणि म्हणायचं, दोन शिट्ट्यांच्या आत संपवा. ह्यानं ‘सन्माननीय’ असं म्हटलं की पळी ओट्यावर आपटायची. वीरण्णा म्हणायचा, अगं निदान अध्यक्षांचं तरी नाव. ती म्हणायची, ‘‘अध्यक्षाला त्याचं नाव ठावं हाय. लालभावजींचं ठावं न्हाई, ते सांगा.’’ महिनाभर त्या घरात डाळ शिजून शिजून पिठलं झाली.

अठ्ठ्याण्णव साल, पुन्हा तसाच हॉल, तसाच दिवा. हिरवा लागला. वीरण्णानं व्यासपीठाकडं बघितलंच न्हाई, आपल्या हाताकडं बघितलं आणि बोलला. जे बोलला ते त्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की माझंही पाठ झालंय. म्हणाला, ‘‘आम्ही आमच्या एका माणसाचं नाव काढलं, कारण तो चार सभांना आला न्हाई. तेव्हा तो भूकंपात पडलेल्या गावात माणसं जेवू घालत होता. आम्ही त्याचं अभिनंदन केलं आणि त्याच सभेत त्याला काढलं. दोन्ही वेळा माझा हात वर होता. तो मला खाली घ्यायचाय.’’ आणि बसला. पिवळासुद्धा लागला नव्हता.

मग एका बर्फाच्या देशातला म्हातारा उठला, म्हणाला, ठराव चांगला हाय, आधी ज्यांची नावं गेली त्यांनाही लागू करा, फक्त एक दुरुस्ती, कुणाला हजर धरायचं हे ज्याच्या त्याच्या क्लबानं आपल्या सभेत, कोरम, म्हणजे नेमून दिलेली किमान माणसं, हजर असताना ठरवावं. भला माणूस! त्याला बिचाऱ्याला औसा काय माहीत? बटनं दाबली, पडद्यावर आकडे आले, ठराव पास. पण वीरण्णाला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. विरोधात मत दिलेला एक माणूस नंतर येऊन त्याला म्हणाला, मला तुमचं पटलं न्हाई, चला कॉफी घेऊ. ‘‘विरोधात बटन दाबून कॉफी पाजतात रे,’’ वीरण्णा म्हणाला, ‘‘आपल्याकडं हात वर करून पाणी विचारत न्हाईत.’’

बसमधून उतरला तो आधी लालमहंमदकडं गेला. झालं म्हणाला. लालमहंमद म्हणाला, ‘‘अण्णा, चाय पिणार?’’ पाच वर्षांनी अण्णा! मी तिथंच होतो, माझ्या कानांनी ऐकलं. वीरण्णा म्हणाला, आता आपल्या क्लबाचं काय, मंगळवारी पाच मिनिटांचं काम. तू पण ये, हार तयार ठेवतो.

पाच मिनिटांचं काम! तुम्हाला सांगतो, तोपर्यंत औशाचं काय झालं होतं ते ह्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लातूरची पोरं बोर्डात यायला लागली, डॉक्टर-इंजिनियर व्हायला लागली, आणि आख्खा मराठवाडा लातूरला क्लासला पळाला. धर्माबादचा पोरगा लातुरात, लोह्याची पोरगी लातुरात, मग औसा तर हाकेवर. आमचे सभासद पोरांना घेऊन लातुरात खोल्या करून राहायला लागले. बाप दिवसा औशात दुकान करतो आणि सांजच्याला क्लासच्या दारात स्कूटर लावून उभा. आणि मग ते करायचे काय? तर लातूरच्या क्लबात जाऊन बसायचे आणि भरपाई हजेरीची चिठ्ठी आणायचे! कागदावर आमच्या क्लबाची हजेरी जिल्ह्यात एक नंबर. फक्त औशात कुणी न्हाई.

त्या मंगळवारी आम्ही जमलो. सभासद सत्तावीस, कोरम एक तृतीयांश, म्हणजे नऊ. व्यंकट सरांनी चष्मा वर करून माणसं मोजली. म्हणाले, ‘‘आठ.’’ वीरण्णा म्हणाला, सर, नीट मोजा, नऊ हायत. सरांनी पुन्हा मोजलं. ‘‘आठ. लालमहंमद सभासद नाहीत.’’ मग त्याला सभासद करा ना! ‘‘त्यासाठी कोरम हवा.’’ अहो, तो सभासद झाला की कोरम होतोय! ‘‘कोरम झाल्याशिवाय ते सभासद होत नाहीत.’’ हे असं कितीतरी वेळ चाललं, विहिरीच्या रहाटासारखं, बादली वर यायची आणि रिकामी. मी म्हणालो, सर, मग जे येत न्हाईत त्यांची नावं काढा, कोरम खाली येईल. सर म्हणाले, काढली असती, पण सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत. मी म्हणालो, मग सभाच लातुरात घ्या. म्हणाले, क्लबाची सभा क्लबाच्या गावातच, नियम आहे. बदलायचा असेल तर तीन वर्षांनी... वीरण्णा म्हणाला, सर, पुढं बोलू नका.

वीरण्णा मग दारोदार फिरला. एक मंगळवार, फक्त एक मंगळवार या. हाव अण्णा, येतो की अण्णा, लालभाईसाठी न्हाई यायचं तर कुणासाठी. सगळे हाव म्हणाले. आणि मंगळवारी कोण आलं? आम्ही आठ. का? तर मंगळवारी क्लासात केमिस्ट्रीची टेस्ट असते, बाहेर बापानं थांबायला लागतंय. क्लास कुणाचा? व्यंकट सरांचा! हाव, आमचेच. कॉलेज सोडून लातुरात क्लास काढला, पोरं मावत न्हाईत. टेस्ट मदतनीस घेतात आणि सर स्वतः सभेला वेळेवर हजर, एकही मंगळवार चुकवला न्हाई त्यांनी. वीरण्णानं त्यांच्यापुढं हात जोडले, सर, टेस्ट बुधवारी घ्या. सर खरंच कळवळले, बरं का. म्हणाले, ‘‘मी पालकांच्या सभेत मांडून पाहिलं. मंगळवारच ठेवायचा असं त्यांनी सर्वानुमते ठरवलं.’’

वीरण्णा पार खचला. लालमहंमदपुढं जाऊन म्हणाला, मला माफ कर, जग हलवलं पण औसा हलंना. तर लालमहंमद म्हणाला, सभासद न्हाई म्हणून यायला तर कुणाची बंदी न्हाई ना? आणि तेव्हापासून तो दर मंगळवारी येऊन राहिलाय. लग्नसराई असो, ताप असो, पाऊस असो. आमच्या आठातला एखादा कधी सात करतो, कधी मीच करतो, पण लालमहंमद हाय. त्याची हजेरी कुठंच लागत न्हाई.

परवाच्या मंगळवारी वीरण्णा उठला आणि म्हणाला, आख्ख्या वर्षात एकही सभा न चुकवलेले आपल्याकडं सर सोडले तर हे एकच गृहस्थ हायत, तर लालमहंमदचं अभिनंदन करावं असा ठराव मी मांडतो. सगळे हात वर. टाळ्या. सरांचाही हात वर, डोळ्यांत पाणी. मग सरांनी हात खाली घेतला, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, मंजूर म्हणून लिहिता येणार नाही, कोरम नाही.

लालमहंमदनं विचारलं, ‘‘किती कमी हाय, सर?’’

‘‘एक.’’

‘‘मग पुढच्या मंगळवारी बघू,’’ तो म्हणाला, ‘‘मी तर हायच.’’